तारीख आयोगाची, मुदत तुमची: राज्यसेवेच्या अभ्यासाची उद्दिष्टं आखण्याची पद्धत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवेची जाहिरात आली की अभ्यासिकेतल्या टेबलांवर नवी वेळापत्रकं चिकटतात. पहाटे ५ ते रात्री ११, मधे जेवणाला अर्धा तास. दहा-बारा दिवसांनी कागद तिथेच असतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नसतं. मुलं याला ‘मोटिव्हेशन गेलं’ म्हणतात आणि अधिकारी झालेल्यांची भाषणं ऐकायला लागतात. त्याने एक संध्याकाळ बरी जाते. सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशी बरीच वेळापत्रकं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की उत्साह आटतो तो काम कुठे संपतं हे ठरलेलं नसल्यामुळे. ‘इतिहास करायचाय’ या कामाला शेवट नाही, त्यामुळे ते रोज अपुरंच राहतं आणि रात्री झोपताना रोज हरल्यासारखं वाटतं. त्यात आपली एकमेव मुदत म्हणजे परीक्षेची तारीख, आणि ती आयोगाच्या हातात असते. ती पुढे सरकली की सगळा डोलारा कोसळतो.

पुढची पद्धत पूर्व परीक्षा धरून लिहिली आहे. कंबाइन गट ब, गट क किंवा सरळसेवेची तयारी करणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये. बहुतेकांचं घोडं अडतं ते क्रमातच: आधी वेळापत्रक बनवतात, मग अभ्यासक्रम बघतात, आणि आपल्याकडे खरंच किती वेळ आहे हे शेवटी कळतं.

## सुरुवातीआधी काय जमवायचं

फार काही लागत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि मागच्या किमान पाच वर्षांचे पूर्वचे पेपर छापून घ्या. एक दोनशे पानी वही, तारखांखाली लिहायला जागा असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक रिकामी ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) आणा. वही एकच ठेवा. मोबाइलमधलं ॲप, टेबलावरची चिठ्ठी आणि डायरी अशा तीन ठिकाणी योजना असली की कुठलीच पाळली जात नाही.

कॅलेंडरवर पहिल्यांदा अभ्यासाचं काही लिहू नका. ज्या दिवशी अभ्यास होणार नाही हे आजच माहीत आहे ते दिवस खोडा: गणपती, दिवाळी, गावची जत्रा, सख्ख्या-चुलत भावंडांची लग्नं, घरी शेती असेल तर पेरणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस. ‘यंदा गणपतीला घरी जाणार नाही’ असं ठरवणारे बहुतेक जण जातातच, आणि मग मुदत मोडल्याचं ओझं घेऊन परत येतात. त्यापेक्षा आधीच खोडून निवांत जावं.

## टप्पा १: आठवड्याचे खरे तास मोजा

सात दिवस काहीही न बदलता नेहमीसारखं वागा आणि फक्त नोंद ठेवा. पुस्तक उघडं आणि मोबाइल दूर, असा सलग वेळ किती झाला तेवढंच लिहा. अभ्यासिकेत बसलेला वेळ धरू नका. चहाला खाली उतरून तासभर कट-ऑफवर (पुढे जायला लागणाऱ्या किमान गुणांवर) झालेली चर्चाही धरू नका.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणारी मुलगी. पहाटे साडेपाच ते साडेसात, रात्री नऊ ते साडेदहा. रोजचे साडेतीन तास, पाच दिवसांचे साडेसतरा. शनिवार-रविवार प्रत्येकी ७ तास धरले तर १४. एकूण साडेएकतीस. यातले वीस टक्के लगेच कापायचे, कारण कुठल्यातरी रात्री वीज जाणार आहे, कुणीतरी पाहुणं येणार आहे, कधी डोकंच चालणार नाही. उरले साधारण २५ तास. तिची योजना या २५ तासांचीच.

पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्यांचा आकडा मोजल्यावर अनेकदा सहा-सात तास रोज असाच निघतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दिवसाला सात तास खरा अभ्यास हा भरपूर अभ्यास आहे.

सावधान: आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस धरून योजना करू नका. त्या एका दिवशी ११ तास झाले म्हणून रोज होतील, या समजुतीनेच दहाव्या दिवशी कागद मेलेला असतो.

## टप्पा २: काहीही वाचण्याआधी एक पेपर सोडवा

हा टप्पा लोक सर्रास टाळतात. ‘अजून काहीच वाचलं नाही, पेपर कसा देऊ?’ पण आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नसेल तर किती अंतर जायचं ते कसं ठरवणार?

मागच्या वर्षांतला एक पेपर घ्या. सामान्य अध्ययन: १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दुसऱ्या दिवशी सीसॅट, म्हणजे आकलन आणि तर्काचा दुसरा पेपर: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. घड्याळ लावून, ओएमआरवर गोल काळे करून. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश वजा होतात (सीसॅटमधल्या निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना ही वजावट नसते), हे धरूनच बेरीज करा.

समजा ६२ प्रश्न सोडवले, ३४ बरोबर आले, २८ चुकले. ३४ चे ६८ गुण, त्यातून २८ चुकांचे १४ वजा. हातात ५४.

आता हा आकडा विषयवार फोडा. प्रत्येक विषयासमोर तीन रकाने: बरोबर, चूक, सोडलेले. भूगोलाच्या १५ प्रश्नांत ४ बरोबर, ८ चूक, ३ सोडलेले असं आलं तर भूगोलाने तुम्हाला फक्त ४ गुण दिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इथे सोडलेल्यांपेक्षा चुकलेले जास्त आहेत. म्हणजे भूगोल वाचलेला आहे, पण अर्धवट. या विषयाला नवं पुस्तक नको, प्रश्नांचा सराव आणि उजळणी हवी. जिथे सोडलेले जास्त तिथे वाचनच झालेलं नाही. या दोन आजारांना एकच औषध देणं ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती बहुतेक जण करतात: सगळ्या विषयांना सारखे दिवस वाटून मोकळे होतात.

तपासणी: सीसॅटमध्ये ६६ च्या वर आहात का? हा पेपर पात्रतेचा आहे. ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही गुण पडले तरी उपयोग नाही. घरी सोडवताना ८५-९० च्या आत असाल तर सीसॅट हे तुमचं पहिलं उद्दिष्ट. ‘शेवटच्या महिन्यात बघू’ म्हणून ते मागे टाकू नका.

## टप्पा ३: इच्छेचं उद्दिष्ट करा

‘उपजिल्हाधिकारी व्हायचंय’ ही इच्छा आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण मंगळवारी सकाळी उठून ती करता येत नाही. ‘यंदा पूर्व काढायची’ हेही तसंच: कट-ऑफ जागांवर, पेपरच्या काठिण्यावर आणि इतरांच्या गुणांवर ठरतो, त्यातलं काहीच तुमच्या हातात नाही. रोजचं काम ज्यावर आखायचं ते उद्दिष्ट पूर्णपणे तुमच्या हातातलं असावं.

प्रत्येक उद्दिष्टात तीन गोष्टी लिहा: काय, कधीपर्यंत आणि पुरावा काय. वहीतली नोंद अशी दिसायला हवी:

> मुदत: रविवार, रात्री ८
> मूलभूत हक्क (कलम १२ ते ३५) आणि मार्गदर्शक तत्त्वं (कलम ३६ ते ५१).
> पुरावा: (१) एका पानाचं टिपण, पुस्तक बंद करून लिहिलेलं. (२) पाच वर्षांच्या पेपरांतले यावरचे सगळे प्रश्न सोडवून. (३) चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर चुकीचं कारण, एका ओळीत.

हीच नोंद ‘पॉलिटी: चॅप्टर ७, ८’ अशी लिहिली असती तर रविवारी रात्री ती झाली की नाही हे तुम्हालाही सांगता आलं नसतं. चाळलं म्हणजे झालं का? अधोरेखित केलं म्हणजे झालं का? पुराव्याच्या ओळीमुळे हा प्रश्नच उरत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला वही दाखवली आणि त्याला अर्ध्या मिनिटात ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगता आलं, तर उद्दिष्ट नीट लिहिलंय असं समजा.

इथे तीन चुका फार होतात.

तास हेच उद्दिष्ट करणं. ‘रोज १० तास’ लिहिलं की माणूस खुर्चीत दहा तास काढतो. तास हे तुमचं भांडवल आहे. त्यातून काय तयार झालं ते पुराव्यात दिसलं पाहिजे.

पानं मोजणं. ‘रोज ५० पानं’ ठरवलं की संध्याकाळी उरलेली पंधरा पानं डोळ्यांखालून नुसती जातात.

चालू घडामोडींना विषयासारखं उद्दिष्ट देणं. त्यांना शेवटच नाही, त्या रोज वाढतात. त्यांच्यासाठी रोजचा अर्धा तास बांधून टाका, वेळ झाली की बंद. महिन्याअखेरीला महिन्याभराच्या घडामोडींवर ५० प्रश्न सोडवा, हे तेवढं मुदतीत धरा. ज्यांना अवघड विषयापासून पळायचं असतं ते नेहमी चालू घडामोडींत लपतात. वृत्तपत्र वाचताना अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, आणि अर्थव्यवस्था तशीच राहते.

## टप्पा ४: अंदाज बांधा आणि दीडपट करा

कुठल्याही कामाला किती वेळ लागेल हे माणूस कमीच सांगतो. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ‘सगळं बिनसलं तर?’ असं विचारल्यावरही त्यांचा अंदाज ४९ च्या आतच होता. सर्वांत वाईट परिस्थिती धरून केलेला हिशेबही तोकडा पडला.

म्हणून मूलभूत हक्कांना सहा तास पुरतील असं वाटलं तर वहीत नऊ लिहा. पहिली तीन उद्दिष्टं झाली की अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करा. तुमचा स्वतःचा गुणक सापडेल. कुणाचा तो सव्वा निघतो, कुणाचा दुप्पट. पुढे तोच वापरा. हे करताना मन खट्टू होतं, कारण अभ्यासक्रम त्या वेळेत बसत नाही असं दिसू लागतं. ते आता दिसलेलं बरं, परीक्षेच्या आधल्या आठवड्यात नको.

## टप्पा ५: परीक्षेपासून उलटं मोजत या

हा टप्पा सगळ्यांत जपून करायचा, म्हणून आकडेच मांडतो. समजा परीक्षेला २० आठवडे आहेत आणि तुमच्याकडे आठवड्याला २५ तास.

शेवटचे ३ आठवडे बाजूला काढा: फक्त उजळणी, नवं काही नाही. त्याआधीचे ४ आठवडे पूर्ण लांबीचे सराव पेपर आणि त्यांतल्या चुका सुधारणं. राहिले १३. त्यातला चौथा, आठवा आणि बारावा आठवडा भरपाईचा, म्हणजे कोरा. हाताशी आले १० आठवडे, २५० तास.

आता रोज अर्धा तास सीसॅट आणि अर्धा तास चालू घडामोडी: आठवड्याचे ७ तास. विषयांसाठी १८. दहा आठवड्यांचे १८०. चालू घडामोडी सोडल्या तर विषय उरतात सहा: इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि सामान्य विज्ञान. म्हणजे विषयामागे सरासरी ३० तास.

तीस! हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा. त्यानंतर प्रत्येक विषयाची चार-चार पुस्तकं आणि दोन-दोन बॅचच्या नोट्स कपाटात ठेवाव्याशा वाटणार नाहीत. एक विषय, एक पुस्तक, स्टेट बोर्डाची पाठ्यपुस्तकं आणि आयोगाचे मागचे पेपर, एवढंच या तासांत बसतं. काय सोडायचं हे ठरवणं हाही योजनेचाच भाग आहे. हे सोडणं धीराने करा. मागच्या पेपरांत ज्या घटकावर वर्षानुवर्षं प्रश्नच नाही, तो आधी सोडा.

तीस ही सरासरी झाली. टप्पा २ मधले रकाने समोर ठेवून तास कमी-जास्त करा. मग प्रत्येक विषयाचे घटक पाडून आठवड्यांवर मांडा. हे करताना:

- एका आठवड्यात दोनच विषय. तीन घेतले की तिसरा नेहमी पुढच्या आठवड्यात ढकलला जातो.
- मुदत रविवारी रात्री ८. दुपारी उशीर झाला तरी सावरायला वेळ राहतो, आणि ८ नंतर पुढच्या आठवड्याची नोंद लिहायची असते.
- दर भरपाई आठवड्याच्या शनिवारी एक पूर्ण पेपर. गुण त्याच तीन रकान्यांत, त्याच वहीत.
- सर्वांत नावडता विषय पहिल्या चार आठवड्यांत. शेवटी ठेवलेला नावडता विषय होत नाही.

सावधान: भरपाईच्या आठवड्यात शनिवारच्या पेपरशिवाय आधीपासून काही लिहून ठेवू नका. ‘रिकामाच आहे तर’ म्हणून तिथे नवा घटक घातला की योजनेतला एकमेव सांधा जातो, आणि पहिल्याच तापाला सगळं कोलमडतं. मागे काही राहिलं नसेल तर त्या आठवड्यात जुनी टिपणं वाचा आणि दोन दिवस घरी जाऊन या.

## टप्पा ६: मुदत दुसऱ्याच्या हाती द्या

स्वतःला दिलेली मुदत स्वतःच पुढे ढकलता येते. तिथे कुणी विचारणारं नसतं. म्हणून अभ्यासिकेतला एक जोडीदार निवडा. जिवलग मित्र नको, कारण तो सांभाळून घेतो. तुमच्यासारखीच वही ठेवणारा कुणी हवा. रविवारी रात्री ८ वाजता दहा मिनिटं: त्याने तुमचे पुरावे बघायचे, तुम्ही त्याचे. सल्ले नाहीत, भाषण नाही. झालं की नाही, एवढंच. गावी एकटे अभ्यास करत असाल तर वहीच्या पानाचा फोटो ठरलेल्या वेळी पाठवा.

नातेवाइकांना मात्र मुदती सांगत बसू नका. त्यांना उद्दिष्टं कळत नाहीत, निकाल तेवढा कळतो. ‘काय रे, अजून चाललंच आहे का?’ हे ऐकून मुदत पाळण्याचं बळ वाढत नाही.

दुसरं काम म्हणजे जर-तरचे नियम. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं आहे: नुसतं ‘मी करीन’ ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं तर तमुक करीन’ असं आधी बांधून ठेवलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते. तुमच्या आठवड्यात नेहमी जे मोडतं त्यावरच नियम लिहा:

- ऑफिसातून यायला ८ वाजले, तर रात्री फक्त सीसॅटचा एक उतारा आणि त्याचे प्रश्न. मग झोप.
- पहाटे उठणं झालं नाही, तर तो वेळ गेला. दुपारी भरून काढायचा नाही.
- मेसवरून आल्यावर झोप आली, तर वीस मिनिटांचा गजर, खुर्चीतच.
- टेलिग्रामवर तारखेची बातमी आली, तर आयोगाचं संकेतस्थळ एकदा बघायचं. तिथे नसेल तर बातमी नाही.

वाईट दिवसाचं किमान काम आधीच ठरलेलं असलं की तो दिवस पूर्ण बुडत नाही. चार नियम पुरतात. पंधरा लिहिले तर लक्षातही राहणार नाहीत.

## टप्पा ७: मुदत चुकली तर

चुकणारच आहे. खरं नुकसान मुदत चुकल्यामुळे होत नाही, त्यानंतरच्या चार दिवसांत होतं. रविवारी काम राहिलं, सोमवारी वही उघडाविशी वाटत नाही, मंगळवारी ‘आता पुढच्या सोमवारपासून नीट’ असं ठरतं. सगळा आठवडा त्यात जातो.

म्हणून त्याच रात्री, जोडीदारासमोर, तीनपैकी एक कारण लिहा:

1. अंदाज चुकला. काम सुरू होतं, वेळ पुरला नाही. गुणक वाढवा आणि उरलेलं भरपाई आठवड्यात टाका.
2. वेळ गेला. आजारपण, ऑफिस, पाहुणे. एकदाच झालं असेल तर सोडून द्या. दोनदा झालं असेल तर टप्पा १ चा आकडा कमी करा.
3. काम टाळलं. वेळ होता, पण बसलोच नाही. हे बहुधा काम अवघड किंवा अस्पष्ट असल्याचं लक्षण असतं. उद्दिष्ट निम्मं करा. ‘चलनविषयक धोरण’ जमत नसेल तर ‘रेपो दर आणि रोख राखीव प्रमाण यांतला फरक पाच ओळींत’ इथून सुरू करा.

राहिलेलं काम पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर ठेवू नका. पुढच्या आठवड्यात दीडपट काम होणार नाही, आणि मग दोन मुदती चुकतील. एखादा घटक फक्त एकदा पुढे जाऊ शकतो. दुसऱ्यांदाही राहिला तर तो निम्मा करा किंवा सोडा.

सावधान: राहिलेलं भरून काढायला झोप कापू नका. दोन रात्री जागून झालेलं वाचन तिसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि चौथा दिवस वाया जातो.

आणि एक वेगळी गोष्ट. आठवड्यामागून आठवडे काहीच करावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर हा वेळापत्रकाचा प्रश्न राहिलेला नाही. घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. परीक्षा थांबू शकते.

## टप्पा ८: आयोगाची तारीख हलली तर

हे अपवादाने होत नाही. राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्ट २०२४ ला ठरली होती. त्याच दिवशी दुसरी एक परीक्षा आल्याने पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. मधे १४ आठवडे. पुढच्या वर्षी २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्व अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. ६ आठवडे. ज्याने सगळी शक्ती एका तारखेवर लावली होती तो अशा वेळी आतून रिकामा होतो. बॅग भरून गावी जाऊन महिनाभर पुस्तक न उघडणारी मुलं तेव्हा खूप दिसतात, आणि त्यांना दोष देववत नाही.

याचा क्रम आधीच ठरवून ठेवा.

पहिलं: जुनी तारीख सोडू नका. त्याच दिवशी दोन्ही पेपर द्या, मधल्या सुट्टीसह, जोडीदाराबरोबर, न बघितलेल्या प्रश्नपत्रिकेवर. तुम्ही त्या दिवसासाठी तयारी केली होती. ती कितपत झाली ते तपासायला हाच दिवस योग्य. आदल्या आठवड्यात परीक्षा पुढे गेली असेल तर हे फारच उपयोगी पडतं.

दुसरं: त्यानंतर तीन दिवस पूर्ण सुट्टी. अर्धी नाही.

तिसरं: मिळालेल्या आठवड्यांची नवी छोटी योजना करा. सहा आठवडे मिळाले तर दोन आठवडे सर्वांत जास्त चुका झालेल्या दोन विषयांना, एक भरपाईचा, तीन उजळणीचे. चौदा मिळाले तर टप्पा ५ पुन्हा नव्याने.

चौथं: पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. हा मोह सर्वांना होतो, कारण वाचलेलं परत वाचायला सोपं जातं. चुकलेल्या प्रश्नांच्या नोंदीपासून सुरुवात करा.

तपासणी: नव्या तारखेची अधिसूचना येईपर्यंत रविवारची मुदत चालू आहे का? आयोगाने तारीख जाहीर केली नाही म्हणून रविवार रात्री ८ बदलत नाही.

## टप्पा ९: परीक्षेनंतरच्या मुदती, आधीच लिहिलेल्या

पूर्व झाली की निकालापर्यंत थांबायचं, ही चूक आता फार महागात पडते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे: नऊ पेपर, त्यातले दोन भाषांचे फक्त पात्रतेचे, उरलेल्या सातांचे १७५० गुण. लिहायचा हात निकालानंतरच्या दिवसांत बसत नाही. म्हणून पूर्वच्या आधीच वहीत लिहून ठेवा: पेपर झाल्यावर चौथ्या दिवशी पहिलं उत्तर, हाताने, घड्याळ लावून. पहिल्या उत्तरतालिकेवरून गुण मोजा, एकदाच. कट-ऑफच्या अंदाजांचे व्हिडिओ बघून आकडा बदलत नाही.

शेवटी सर्वांत अवघड मुदत: थांबण्याची. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आयोगाने अर्जासाठी घातली आहे. ती तुमच्या अभ्यासाची मुदत समजू नका. तयारी सुरू करताना, डोकं शांत असताना, एका कागदावर तीन ओळी लिहा. किती प्रयत्न पूर्णवेळ करणार. कुठल्या प्रयत्नात किती गुणांपर्यंत पोहोचलो नाही तर नोकरी धरून अभ्यास करणार. आणि ती नोकरी कुठली, तिच्यासाठी आत्ता काय चालू ठेवायचं: टायपिंगचं प्रमाणपत्र, बीएड, अकाउंटिंग, जे असेल ते. ‘प्लॅन बी ठेवला की मन लागत नाही’ असं सांगणारे बरेच भेटतील. मला उलट दिसलं आहे. पुढचा रस्ता माहीत असलेला मुलगा पेपरात कमी घाबरतो आणि कमी अंदाजपंचे गोल काळे करतो.

कागदावर तारीख घाला, घरी वाचून दाखवा आणि घरच्यांपैकी एकाकडे ठेवायला द्या. दर पूर्वनंतर पहिल्या रविवारी तो कागद आणि गुणांची वही शेजारी ठेवून बोलायचं, असं त्यांच्याशी आजच ठरवा. अट बदलायची असेल तर त्याच बैठकीत, कारण लिहून, आणि एकदाच.